तिसऱ्या मीटरचं घर

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन असताना हा बाबा कागद कशाला काळे करतोय, असं तुझ्या मनात येणारच. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, फोनवर बोलायला लागलो की ही पलीकडच्या खोलीत असते, आणि जे सांगायचंय ते हिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून कागद गिरणीच्या बॉयलरघरात बसून, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. उत्तर गिरणीच्याच पत्त्यावर पाठव.

हिचे डोळे जाणार आहेत, ताई. फिरवून लिहायला मला जमत नाही. दोन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या करड्या कोटाला हिनं हिरवट दोऱ्यानं रफू केलं. गिऱ्हाईक परत आलं तेव्हा हिनंच हसून ते उसवलं. बावीस वर्षांत हिचा दोरा कधी चुकलेला नाही, हे तुला माहीत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. डोळ्यामागचा पडदा वाळत चाललाय, त्याला औषध नाही, ऑपरेशनही नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष, मग काहीच दिसणार नाही, असं म्हणाले. मी बाहेर येऊन हिला सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. ती बरं म्हणाली.

मे अखेर मी निवृत्त होतोय, क्वार्टर सोडायचंय. शहरात घर घ्यायचं हे ठरलेलंच होतं. पण आता ते असं हवं, की दिसतंय तोवर ही ते पाठ करून ठेवेल आणि नंतर एकटीनं दुकानापर्यंत जाऊन एकटीनं परत येईल. मी काय, आज आहे. आमचा टाइमकीपर म्हणतो, नदीपलीकडच्या नव्या मनोऱ्यांत घे, तिथले भाव पाच वर्षांत दुप्पट होतील. दुसरी टाकीजवळची जुनी वसाहत, सगळी सपाट. तिसरी तळ्यावरच्या चढणीची वस्ती. तिथे आपण एकदा गेलो होतो, आठवतं का? ही वर जाऊन बसली ती खाली उतरायलाच तयार नव्हती. मला ती नकोच वाटते, पण नजर टाकून ये. एकतीस वर्षं त्या शहरात पाण्याचे मीटर वाचत फिरलीस, तुझ्याएवढी घरं कोणी आतून बघितलेली नाहीत.

कळावे. लोभ आहेच, या धावपळीत तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
भुंगा

*

ता. ११ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून रडले. मग तोंड धुतलं, मग तुझा राग आला. तिला सांगितलं नाहीस हे मला मुळीच पटलेलं नाही. चष्म्याचा नंबर म्हणे. लहानपणी काळजी लागली की घरभर गुणगुणत फिरायचास, म्हणून तर आईनं तुला भुंगा म्हटलं. आताही गुणगुणत असणार, आणि रफूवालीला ते ऐकू येत नाही असं तुला वाटत असेल तर धन्य आहे. पण तुमचा संसार तुमचा. मी गप्प बसते.

घरं कशी बघायची ते मी ठरवलंय. बाजारात भाव विचारून आपल्याला काय कळणार? मी डोळे मिटून चालणार. कोपऱ्यावरच्या दुकानापासून घराच्या दारापर्यंत, हातात छत्री, डोळे बंद. जिथे मला जमलं तिथे तिला जमेल. एक दलाल गाठलाय. माणूस बोलका आणि बूट त्याहून बोलके, नवे कोरे, पावलागणिक कुई करतात. त्याला खरं कारण सांगितलेलं नाही. त्याला वाटतं म्हातारीला उन्हाचा त्रास आहे.

काल मनोरे बघितले. तुझ्या टाइमकीपरला म्हणावं, भाव दुप्पट होतील तेव्हा तूच राहायला जा. सोळा मजले, सोळाही एकसारखे, दारं एकाच रंगाची. लिफ्टची बटणं काचेसारखी गुळगुळीत, हाताला एकही आकडा लागत नाही. डोळे मिटून बटण दाबलं ती अकराव्या मजल्यावर उतरले आणि एका अनोळखी बाईच्या दाराला किल्ली लावायला गेले. बाई घाबरली, मी तिच्याहून जास्त. खाली रस्ता एवढा रुंद की अर्ध्यात गेल्यावर दोन्ही काठ सारखेच लांब वाटतात. आवाज कसलाच नाही. दुकान तळघरात आहे, तिथे मोटारीतूनच जायचं. हे नाव कापून टाक.

एवढं मात्र खरं, की छत्री टेकत चालताना मला भीती वाटली. वर्षानुवर्षं कुत्री, गच्च्या, अंधारे जिने सगळं केलं, पण दहा पावलं डोळे मिटून चालले की अकराव्याला पापण्या आपोआप उघडतात. तिचं काय होईल, हेच सारखं मनात येत होतं.

प्रकृतीला जप. जेवताना गुणगुणू नकोस.
तुझी,
ताई

*

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मनोरे कापले. टाइमकीपर रुसलाय, पण त्याचं काय एवढं.

ताई, घाई कर. परवा हिनं चहाचा कप टेबलाच्या कडेच्या जरा बाहेर ठेवला. फुटला. मीच धक्का दिला असं मी म्हणालो, आणि ही म्हणाली, हो, तुम्हीच दिलात. मग मला उगाच वाटायला लागलं की ती माझ्याकडे टक लावून बघतेय. मी जरा जास्तच हसतखेळत वागतो की काय कोण जाणे. परवा विचारत होती की आजकाल इतकं आनंदात असायला झालंय तरी काय.

तुझी पत्रं मी घरी आणून वाचतो, बॉयलरघरात तेलाचे हात लागतात. पण काळजी नको. माझ्या थंडीच्या जुन्या कोटाचं अस्तर खिशाखाली उसवलंय, त्यात सारून ठेवतो. तो कोट खुंटीवर पडलेला असतो, कोणी बघत नाही.

गेल्या आठवड्यात दोनदा रजा टाकायचं मनात आलं, पण शेवटचे तीन महिने आहेत, बॉयलरवर नवा माणूस अजून तयार नाही. सगळा भार तुझ्यावर टाकलाय. चुकलं तर माझं, एवढं लक्षात ठेव.

उत्तराची वाट रोज बघतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
भुंगा

*

ता. १ मार्च

चि. भुंग्यास,
अ. आ.

घर मिळालं. आधी हे लिहून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता सविस्तर.

टाकीजवळची वसाहत तुझ्या म्हणण्याप्रमाणे तळहातासारखी सपाट आहे. तळमजल्याचं घर, दोन खोल्या, मोरी प्रशस्त, नळाला दिवसभर पाणी, दाब चांगला, मी स्वतः तपासला. पायरी एकसुद्धा नाही. दुकानापाशी डोळे मिटले ते घराच्या दारात उघडले. अडीचशे पावलं, दोन वळणं, एकदाही अडखळले नाही. दलाल पुढे कुईकुई करत भाव सांगत होता आणि मी मागून राणीसारखी चालत होते. मला इतका आनंद झाला की त्याला उगाचच चहा पाजला. खोट काढायची तर एकच, पुढच्या खिडकीसमोर गोदामाची भिंत आहे. पण नंतर भिंत काय नि आणखी काय, सारखंच. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

चढणीची वस्तीही बघितली, बघितलीच नाही असं म्हणू नकोस. तिथे दलाल खालीच थांबला, दम लागतो म्हणाला. मी एकटी निघाले. दगडी पायऱ्या, रस्त्यापासून थेट घरापर्यंत, मोटार सोड, सायकलही जात नाही. म्हणून भाव वीस वर्षं तिथल्या तिथे आहेत. डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरले आणि पाचव्या पायरीला आपटले. नडगी सोलली, छत्रीची काडी मोडली. एक म्हातारा शिंपी दुकानातून धावत आला आणि तोंड भरून रागावला, की या वयात डोळे मिटून चालायचं हे कसलं खूळ. मी मोडकी छत्री उचलून खाली आले. तिथे तिला ठेवायचं म्हणजे रोज जीव टांगणीला. वरच्या घरापर्यंत मी गेलेसुद्धा नाही.

तेव्हा टाकीजवळचंच. मालकाला शब्द दिलाय. २५ मार्चला सह्या करायच्या, तू एक दिवसाची रजा काढून ये. त्यानंतर मात्र तिला सांग. माझ्यानं हे लपवणं फार दिवस होणार नाही.

नडगीची चिंता नको, हळद लावलीय.
तुझी,
ताई

*

ता. ७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे उपकार कसे फेडू? पत्र तीनदा वाचलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा सलग झोप लागली. २५ तारखेची रजा मंजूर झालीय. हिला सांगितलंय की गिरणीच्या कामानं शहरात जायचंय.

सही झाली की त्याच दिवशी परत येऊन हिला समोर बसवून सगळं सांगेन. घर हातात असलं की सांगायला बळ येईल. नुसतं दुःख सांगायचं माझ्यानं होत नाही. चावीसुद्धा सोबत असली पाहिजे.

एक सारखं खातंय. घर पसंत पडेल ना हिला? चूक झाली तर आता दुसरं घेणं आपल्या आवाक्यात नाही. भिंत तशी किती लांब आहे? एकदा मापून कळव.

नडगीला जप. तुझ्या मायेवरच आमचं सारं चाललंय, ती असू दे.
तुझा,
भुंगा

*

ता. १३ मार्च

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं आहे आणि ओळी उताराला लागल्यात, त्याबद्दल सांभाळून घ्या. भिंग धरून लिहितेय.

तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. रागावू नका. उसवलेल्या कोटात पत्रं लपवायची, आणि तीही माझ्या घरात, हे तुमच्या भावालाच सुचू शकतं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांची अस्तरं शिवतेय आणि माझ्याच खुंटीवरचं अस्तर मला दिसणार नाही? शिवायला घेतला तर आतून कुरकुरला. पत्रं वाचून जिथल्या तिथे ठेवली आणि अस्तर मुद्दाम तसंच सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा उसवलेलं तसंच टाकलं.

पण डोळ्यांचं मला पत्रांतून कळलेलं नाही. हे मला तो दोरा चुकण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. हे गिरणीत असताना मी एकटीच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनीही वर्ष-दीड वर्षच सांगितलं. यांची निवृत्ती नीट होऊ दे, मग सांगू, असं ठरवून गप्प बसले. मग हे चष्म्याचा नंबर घेऊन आले आणि मी बरं म्हणाले. दोघंही एकमेकांपासून तेच लपवतोय, आणि रोज सकाळी कप कुठे ठेवलाय ते दोघंही बघतोय. हसायला येतं आणि रडायलाही.

ताई, तुम्ही माझ्यासाठी या वयात डोळे मिटून रस्त्यात पडलात. असं माझ्या आईनंही केलं नसतं. म्हणून पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. तुम्ही दोघांनी आंधळीसाठी घर शोधलंत. मी अजून आंधळी झालेले नाही. मला वर्षभर दिसणार आहे. ते वर्ष मी गोदामाच्या भिंतीकडे बघत काढू का?

हे कामावर गेल्यावर मीही रोज डोळे मिटून चालते. गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात मी दर वेळी हरवते, कुठे वळले ते कळत नाही, एकदा तर कोळशाच्या ढिगात शिरले. पण गच्चीच्या जिन्यावर कधी चुकत नाही. पायऱ्या मोजता येतात, ताई. पायरी पुढे आहे की मागे ते पायाला कळतं. सपाट जमीन काहीच सांगत नाही. आणि एक विचारू? टाकीजवळ तुम्ही राणीसारख्या चाललात तेव्हा दलालाचे बूट पुढे वाजत होते ना? ते बूट मला रोज कोण आणून देणार?

म्हणून एकच मागणं. त्या दलालाला घरी बसवून दोन्हीकडे पुन्हा एकदा जाऊन या. खरंच जमण्यासारखं नसेल तर तसं लिहा, मी मुकाट्यानं टाकीजवळ राहायला येईन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. जमण्यासारखं असेल तर तेही लिहा. २५ च्या आत उत्तर यावं, घरच्याच पत्त्यावर, माझ्या नावानं. यांना मीच सांगेन.

वरच्या घरापर्यंत गेलात तर एवढं करा. खिडकीतून काय दिसतं ते लिहू नका. ते मला माझं बघायचंय.

तुमच्यावरचा जीव असाच राहील, तुमचाही राहू द्या.
तुमची,
रफूवाली

*

ता. १९ मार्च

चि. सौ. रफूवालीस,
अ. आ.

तुझं पत्र हातात घेऊन मी सबंध सकाळ स्वयंपाकघरात उभी होते. लाज वाटली. भावाला म्हणत होते, तिला ऐकू येतं, आणि मीही तुला न विचारताच घर ठरवलं. भिंत काय नि आणखी काय, असं लिहिताना माझी जीभ झडली कशी नाही. मला माफ कर, एवढंच म्हणते आणि कामाचं सांगते.

सोमवारी टाकीजवळ गेले, एकटी. डोळे मिटले. पहिल्या वेळी गोदामाच्या आवारात शिरले. दुसऱ्या वेळीही तिथेच. तिसऱ्या वेळी दोन ट्रकांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि हॉर्न कुठून वाजतोय तेच कळेना. पहारेकऱ्यानं दंडाला धरून बाहेर आणलं आणि विचारलं, बाई, तुमच्या घरचं कोणी आहे का. तू म्हणालीस तसंच होतं. ते बूटच मला घेऊन गेले होते. एकतीस वर्षांची माझी हुशारी त्या दलालाच्या टाचेत होती.

मंगळवारी चढणीवर गेले. आधी तासभर खालीच बसून राहिले, धीर होईना. सोललेली नडगी आठवत होती. मग डोळे मिटले, पण या वेळी हात पुढे धरले नाहीत, बाजूला सोडले. उजव्या हाताला गार लोखंड लागलं. अगं, पाण्याचा नळ. वरच्या टाकीपासून खाली रस्त्यापर्यंत, पायऱ्यांच्या कडेनं, कमरेच्या उंचीवर, मनगटाएवढा जाड. त्या नळावरचे मीटर मी नऊ वर्षं वाचलेत. गेल्या वेळी वाऱ्यात हात नाचवत बसले आणि तो कुशीला होता. त्यावर हात ठेवून चढले. पहिला फाटा लागला, मीटरची पेटी हाताला आली, ते शिंप्याचं घर. चौदा पायऱ्या, दुसरी पेटी. मग एक कट्टा, तिथे बसता येतं. मग अकरा पायऱ्या आणि तिसरी पेटी. नळ तिथून डावीकडे आत वळतो आणि थेट दाराच्या चौकटीपाशी जातो. तिसऱ्या मीटरला घर. चार वेळा वरखाली केलं, दोनदा छत्रीशिवाय. एकदाही चुकले नाही. दुकान पहिल्या पेटीच्या समोर आहे, आणि शिंप्याची शिवणयंत्रं दिवसभर चालतात ती खालपासून वरपर्यंत ऐकू येतात. तो या वेळी रागावला नाही. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, रफू करणारी आहे ना, मग माझ्याकडे काम पडलेलं आहे, हातांनी होईल ते होईल.

आता वाईटही लिहिते, नाहीतर परत तेच पाप. पायऱ्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात. भुंग्याचे गुडघे कुरकुरणार. आजारी पडलात तर खुर्चीवर बसवून खाली आणावं लागेल. भाव वाढणार नाहीत, टाइमकीपर तुम्हाला कायम मूर्ख म्हणणार. मला तिथे तुझी काळजी वाटेल, रोज वाटेल. पण टाकीजवळही वाटलीच असती. टाकीच्या मालकाला दिलेला शब्द मी परत घेतला. तो चार शब्द बोलला, ते मी ऐकून आले. चढणीचं घर एका शिक्षिकेचं आहे, ती २५ पर्यंत थांबायला तयार आहे. सही तुम्ही दोघांनी मिळून करायची, अशी माझी अट आहे.

हे पत्र आज संध्याकाळी भुंग्याला मोठ्यानं वाचायला लाव. भिंग बाजूला ठेव, त्याच्या तोंडून ऐक. मधे थांबेल, गुणगुणेल, थांबू दे. मग त्याचं अस्तर शिवून टाक.

वरच्या घरात शिक्षिकेनं मला खिडकीपाशी नेलं. या वेळी डोळे उघडे होते. पाऊण तास तिथून हलले नाही, तिला दोनदा विचारावं लागलं की बरं वाटतंय ना. काय दिसतं ते तुझ्या सांगण्याप्रमाणे लिहीत नाही.

लवकर ये.
तुझी,
ताई